दुधाचा न्याय : स्टीफन बॅबकॉक

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले होते. एके संध्याकाळी आई डेअरीला दूध घालून परत आली ती गप्प गप्पच. किटली न विसळताच तिने ती मोरीपाशी ठेवली आणि हातातली चिठ्ठी माझ्यापुढे टाकली. आमच्या म्हशीच्या दुधाला फॅट ५.२ लागली होती. आठ दिवसांपूर्वीपर्यंत ती साडेसहाच्या खाली कधी आली नव्हती. दर कमी मिळाला याचे आईला वाईट वाटलेच. पण माप घेणाऱ्याने रांगेतल्या चार बायांदेखत तुमच्या विहिरीला यंदा पाणी बरेच दिसते असे हसून म्हटले, ते तिच्या जिव्हारी लागले होते. आईने दुधात पाण्याचा थेंबही कधी घातलेला नाही. पण ते सिद्ध कसे करायचे? आकडा चिठ्ठीवर छापून आला होता, आणि छापील आकड्यापुढे आईचा शब्द कोण ऐकणार?

सुट्टी संपवून मी कॉलेजात आले तरी तो ५.२ चा आकडा डोक्यातून जाईना. अर्थशास्त्राच्या सरांपाशी विषय काढला, तेव्हा त्यांनी मला ग्रंथालयात पाठवले आणि एक नाव शोधायला सांगितले. ते नाव म्हणजे स्टीफन मोल्टन बॅबकॉक. दुधातील स्निग्धांश, म्हणजे आपण गावाकडे ज्याला फॅट म्हणतो तो, शेतकऱ्यालाही मोजता येईल अशी रीत ज्यांनी काढली ते हे गृहस्थ. त्यांचे चरित्र वाचताना मला सारखी आमची किटली दिसत होती. म्हणून हा लेखनप्रपंच.

बॅबकॉक यांचा जन्म २२ ऑक्टोबर १८४३ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ब्रिजवॉटर या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे. १८६६ साली ते टफ्ट्‌स कॉलेजातून पदवीधर झाले. पुढे अभियांत्रिकीचा अभ्यास सुरू केला, तोच वडील वारले आणि त्यांना पुस्तके मिटून शेतावर परतावे लागले. आपल्यातील कितीतरी विद्यार्थ्यांना हा प्रसंग नवा वाटणार नाही. परंतु बॅबकॉक यांची ज्ञानाची ओढ शेतात गाडली गेली नाही. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्राचे धडे घेतले, ते शिकवलेही, आणि पुढे जर्मनीत गॉटिंगेन येथे जाऊन १८७९ साली डॉक्टरेट मिळवली. १८८२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या जिनीव्हा येथील कृषी संशोधन केंद्रात ते रसायनतज्ज्ञ म्हणून दाखल झाले.

तेथे त्यांच्या वाट्याला आलेले काम कोणाला हसू यावे असे होते. गाई काय खातात आणि शेणावाटे काय टाकतात, याचे रासायनिक पृथक्करण करायचे. त्या काळी चाऱ्यात प्रथिने किती, पिष्टमय पदार्थ किती, स्निग्ध पदार्थ किती हे कळले की जनावराच्या आहाराचे सारे गणित सुटले, अशी पंडितांची समजूत होती. बॅबकॉक यांनी मोजले तर काय, राखेचा भाग वगळता चाऱ्याची आणि शेणाची रासायनिक घडण बरीच सारखी दिसली! मग जे आकडे चारा आणि शेण यांतला फरकही नीट सांगत नाहीत, त्यांच्यावर गाईचे पोट कसे सोपवायचे? ही शंका त्यांच्या मनात घर करून बसली. तिचे उत्तर मिळायला पुढे वीस-पंचवीस वर्षे जावी लागली.

१८८७-८८ च्या सुमारास ते विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन येथील विद्यापीठात आले. विस्कॉन्सिन हा मूळचा गव्हाचा मुलूख. वर्षानुवर्षे गहू घेऊन जमिनीचा कस गेला, किडीने पिके खाल्ली, तेव्हा तिथला शेतकरी गोठ्याकडे वळला. गावोगाव लोणी आणि चीज करणारे छोटे कारखाने निघाले. पण या नव्या धंद्याला एक कीड लागलेली होती. दुधाचे पैसे मिळत ते वजनावर.

याचा अर्थ काय होतो तो पाहा. एका शेतकऱ्याने शंभर किलो दूध घातले, त्यात फॅट साडेचार टक्के. दुसऱ्यानेही शंभर किलोच घातले, पण त्यात फॅट तीन टक्के. पहिल्याच्या दुधातून साडेचार किलो स्निग्धांश निघणार, दुसऱ्याच्या दुधातून तीन किलो. पैसे मात्र दोघांना सारखेच. म्हणजे पहिल्याच्या कष्टाचे लोणी दुसऱ्याच्या पोळीवर! घरी साय काढून घेणारा आणि पाणी घालणारा फायद्यात, आणि जनावराला चांगले चारून सकस दूध आणणारा तोट्यात. जेथे लबाडीला नफा आणि सचोटीला दंड आहे तेथे धंदा टिकत नाही, हे सांगायला अर्थशास्त्राचे पुस्तक उघडायला नको. गुन्हा एकट्या माणसांचा नव्हता, मापाचाही होता. प्रयोगशाळेत फॅट काढण्याच्या रीती होत्या. पण त्या वेळखाऊ, खर्चिक आणि रसायनतज्ज्ञावाचून न होणाऱ्या.

बॅबकॉक यांनी काढलेली रीत पाहिली की तिच्या साधेपणाचे नवल वाटते. लांब मानेच्या एका बाटलीत १७.६ मिलिलिटर दूध घ्यायचे. त्यात जवळजवळ तितकेच गंधकाम्ल ओतायचे. अम्ल दुधातील इतर घन पदार्थ विरघळवून टाकते आणि स्निग्धांशाला मोकळे करते. मग बाटल्या हाताने फिरवायच्या चक्रात घालून गरगर फिरवायच्या, गरम पाणी घालून पुन्हा फिरवायच्या. हलके फॅट वर चढून बाटलीच्या मानेत येते. मानेवर आकड्यांच्या रेघा असतात. तेथे सरळ टक्केवारी वाचायची. काही मिनिटांचे काम! गावच्या कारखान्यातला माणूसच काय, शेतकरीही आपल्या घरी करू शकेल असे.

या शोधासंबंधी एक गोष्ट सांगतात. पहिल्या रीतीने विद्यापीठाच्या सगळ्या गाईंच्या दुधाचे उत्तर बरोबर येई, फक्त एका गाईचे चुकत असे. वरिष्ठांचे म्हणणे पडले की एका गाईसाठी कशाला अडून बसता, शोध जाहीर करून टाका. बॅबकॉक यांनी ते मानले नाही. त्या एका गाईचेही दूध बरोबर मोजले जाईपर्यंत त्यांनी रीत सुधारली, आणि मगच १८९० साली ती जगापुढे ठेवली. मला या माणसाचा सारा स्वभाव या एका गोष्टीत दिसतो. त्या एका गाईच्या मागेही कोणीतरी एक शेतकरी उभा असतो आणि त्याच्यावर अन्याय होतो, हे त्यांना उमगले होते.

दुसरी गोष्ट पेटंटची. या बाटलीवर त्यांनी हक्क नोंदवला असता तर ते मोठे श्रीमंत झाले असते. त्यांनी तो नोंदवला नाही. कोणीही बाटली बनवावी, कोणीही वापरावी. त्यामुळे ही रीत झपाट्याने पसरली. पुढे लवकरच स्वित्झर्लंडमधील गर्बर या शास्त्रज्ञाने अम्लाचीच, पण थोडी वेगळी रीत काढली. आपल्याकडच्या डेअऱ्यांत वर्षानुवर्षे चालली ती ही गर्बरची. आता बऱ्याच ठिकाणी विजेवर चालणारी यंत्रे आली आहेत. पण दुधाची किंमत त्याच्या अंगच्या सत्त्वावर ठरावी, हे तत्त्व तेच.

या बाटलीने गोठ्याचा कारभारही बदलला. पूर्वी जास्त दूध देणारी गाय ती चांगली, एवढाच हिशेब होता. आता प्रत्येक गाईचे दूध वेगळे मोजता आणि तपासता येऊ लागले. एक गाय दिवसाला १२ किलो दूध देते, फॅट ३ टक्के. म्हणजे स्निग्धांश ३६० ग्रॅम. दुसरी ९ किलोच देते, पण फॅट ४.४ टक्के, म्हणजे ३९६ ग्रॅम. लोण्याच्या धंद्यात दुसरी गाय सरस ठरते. त्यात वैरणीचा आणि पेंडीचा खर्च मांडला, भाकड काळ किती ते धरले, की कोणती गाय घर चालवते आणि कोणती घराला खाते ते कागदावर स्पष्ट दिसते. कोणत्या गाईची कालवड ठेवायची हेही त्यावरून ठरते. डेन्मार्कमध्ये १८९५ साली शेतकऱ्यांनी अशी तपासणी करणारी पहिली मंडळी स्थापन केली, आणि १९०५-०६ च्या सुमारास अमेरिकेत मिशिगन राज्यातही तसाच संघ निघाला. चार शेतकऱ्यांनी मिळून एक तपासनीस ठेवायचा आणि त्याने गोठोगोठी फिरून नोंदी करायच्या.

इतके यश मिळाल्यावर दुसरा एखादा स्वस्थ बसला असता. बॅबकॉक यांना मात्र ती जुनी शंका बसू देत नव्हती. एकाच धान्यावर गाई पोसून पाहाव्यात, असा त्यांचा हट्ट होता. पहिल्या प्रयत्नात दोन गाई मिळाल्या, पण त्यांपैकी एक तीन महिन्यांत दगावली आणि प्रयोग थांबवावा लागला. शेवटी १९०७ साली त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी, हार्ट, हम्फ्री, मॅकॉलम आणि स्टीनबॉक यांनी, १६ कालवडींचे चार गट करून तो प्रयोग हाती घेतला. एका गटाला मक्याचाच आहार, दुसऱ्याला गव्हाचाच, तिसऱ्याला ओटचा, चौथ्याला तिन्हींचे मिश्रण. रासायनिक हिशेबाने चारही आहार सारखे. १९११ पर्यंत निकाल सर्वांपुढे आला. मक्यावरच्या गाई तुकतुकीत, त्यांची वासरे धडधाकट; गव्हावरच्या गाईंची वासरे मेलेली तरी जन्मत किंवा जन्मून लवकरच मरत. आकडे सारखे आणि परिणाम मात्र जीवन-मरणाइतके वेगळे! म्हणजे अन्नात आकड्यांच्या पलीकडचे काहीतरी होते. त्याच वाटेने पुढे जाऊन मॅकॉलम आणि मार्गारेट डेव्हिस यांनी १९१३ साली आज आपण ज्याला अ-जीवनसत्त्व म्हणतो त्याचा शोध जाहीर केला.

त्याच साली बॅबकॉक निवृत्त झाले. पण प्रयोगशाळेत जाणे त्यांनी सोडले नाही. २ जुलै १९३१ रोजी मॅडिसन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे राहते घर पुढे कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडले.

हे सारे वाचून मी पुन्हा गावी गेले तेव्हा आईच्या जुन्या चिठ्ठ्या मागून घेतल्या. फॅट उतरली होती, पण दुधातील इतर घन पदार्थांचा आकडा जिथल्या तिथे होता. पाणी घातले असते तर दोन्ही आकडे उतरले असते. मग फॅट गेली कुठे? मी आईला धार काढताना पाहिले आणि उलगडा झाला. आमची रेडी तेव्हा अशक्त झाली होती. पूर्वी आई पान्ह्यापुरते आधी तिला पाजी आणि मग धार काढून कास रिकामी करी. आता तिची दया येऊन शेवटच्या धारा ती रेडीसाठी सोडू लागली होती. खरी साय असते ती शेवटच्या धारांत. दुसऱ्या दिवशी मी दोन बाटल्या नेल्या. एकीत पहिल्या धारा, दुसरीत शेवटच्या. पहिलीला ४.१ लागली, दुसरीला ९.४. माप घेणाऱ्याने दोन्ही चिठ्ठ्या पाहिल्या आणि काही न बोलता परत दिल्या. रांगेतल्या बायांनी मात्र त्या हातोहात फिरवल्या.

आईला मी सारे समजावून सांगितले. शेवटच्या धारा काढल्या तर दर वाढेल, हेही सांगितले. तिने थोडा विचार केला आणि रेडी सावरेपर्यंत आहे तसेच चालू द्यायचे ठरवले. आजची फॅट गेली तरी तीन-चार वर्षांनी गोठ्यात दुभती म्हैस उभी राहील, हा तिचा हिशेब. तो चुकीचा आहे असे मला वाटत नाही. फरक एवढाच झाला की आता चिठ्ठीवर कमी आकडा आला तर आई मान खाली घालत नाही. खुंटीला एक वही टांगली आहे. तीत ती तो आकडा स्वतःच्या हाताने लिहिते, आणि शेजारी त्याचे कारणही.