विश्लेषण : चक्कर नेमकी कानातली की मेंदूतली? डोळ्यांत उत्तर शोधणारे रॉबर्ट बारानी

अचानक खोली गरगरू लागते, उलट्या होतात, उभे राहता येत नाही. असा रुग्ण आपत्कालीन विभागात आला की पहिला प्रश्न असतो, हा कानाचा त्रास आहे की मेंदूचा झटका? आज ऑस्ट्रेलिया, ब्रिटनसारख्या देशांतील काही रुग्णालयांत ही तपासणी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टही करतात. त्यांच्या तपासणीचा पाया शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नातील एका कानाच्या डॉक्टरने घातला.

कोण होते बारानी?

रॉबर्ट बारानी यांचा जन्म 22 एप्रिल 1876 रोजी व्हिएन्नात एका ज्यू कुटुंबात झाला. लहानपणी हाडांच्या क्षयाने त्यांचा एक गुडघा कायमचा आखडला. त्या आजारपणातूनच त्यांना वैद्यकशास्त्राची ओढ लागली, असे सांगितले जाते. 1900 मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढे अॅडम पोलित्झर यांच्या प्रसिद्ध कर्णरोग विभागात रुजू झाले.

शोध कसा लागला?

तेथे रुग्णांचे कान पिचकारीने धुतले जात. पाणी गार असले की काहींना चक्कर येई आणि डोळे एका दिशेने लयीत हलू लागत. पाणी जास्त गरम असले की तीच हालचाल उलट दिशेने होई. शरीराइतक्या कोमट पाण्याने मात्र काहीच होत नसे. बारानींनी याची सांगड गरम पाणी वर चढते, गार खाली बसते या साध्या नियमाशी घातली. आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रव तापमानामुळे सरकतो, मेंदूला डोके फिरल्याचा संदेश जातो आणि डोळे हलतात. चक्कर ही केवळ रुग्णाची तक्रार राहिली नाही. ती बाहेरून पाहता, तपासता येऊ लागली.

नोबेलची बातमी छावणीत कशी पोहोचली?

पहिल्या महायुद्धात आखडलेल्या गुडघ्यासह ते स्वेच्छेने लष्करी डॉक्टर झाले. आज पोलंडमध्ये असलेला प्शेमिशलचा किल्ला 1915 मध्ये पडला आणि ते रशियाचे युद्धकैदी झाले. मध्य आशियातील मर्व्ह येथील छावणीतही ते रुग्णांचे कान तपासत राहिले. तेथेच त्यांना 1914 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाल्याचे कळले. हे पारितोषिक जाहीर झाले होते 1915 मध्ये. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेड क्रॉसमार्फत मध्यस्थी केल्यावर 1916 मध्ये त्यांची सुटका झाली.

मायदेशी स्वागत झाले का?

नाही. इतरांच्या कामाचे श्रेय त्यांनी दिले नाही, असा आरोप व्हिएन्नातील सहकाऱ्यांनी केला. प्राध्यापकपद मिळाले नाही. 1917 मध्ये ते स्वीडनमधील उप्साला येथे गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. 8 एप्रिल 1936 रोजी, साठावा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना, त्यांचे निधन झाले.

आजच्या उपचाराशी संबंध काय?

1921 मध्ये बारानींनी एका तरुणीची नोंद केली. डोके विशिष्ट बाजूला वळवून आडवे झाले की तिला चक्कर येई. 1952 मध्ये मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी या आजाराची चाचणी नेमकी केली. आतल्या कानातील कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून नलिकेत शिरल्याने हा त्रास होतो. अमेरिकेतील जॉन एपली यांनी डोके क्रमाने फिरवून ते कण मूळ जागी नेण्याची पद्धत दिली.

फिजिओथेरपिस्ट रुग्णाला पलंगावर झटकन आडवे करून डोळ्यांची हालचाल पाहतात. कण नलिकेत असल्याचे दिसले, तर तेथेच उपचार करतात. अनेकांना काही मिनिटांतच उतार पडतो. चक्कर सतत टिकून असेल, तर नजर स्थिर राहते का, डोळे कोणत्या दिशेने हलतात, दोन्ही डोळे एका पातळीत आहेत का, हे तपासले जाते. सुरुवातीच्या तासांत स्कॅन साधारण येऊनही मेंदूचा झटका असू शकतो, म्हणून ही तपासणी मोलाची ठरते.

चक्करेसोबत बोलणे अडखळणे, एकाच्या जागी दोन दिसणे, हात-पाय लुळे पडणे, तोल सांभाळून चालता न येणे किंवा अचानक तीव्र डोकेदुखी असेल, तर घरी व्यायाम करत बसू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.