कागदाची पारख

धुळ्याच्या बाजारात ज्याचे लहानपण गेले, त्याला पारख म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. कापसाची गाडी येऊन उभी राहिली की व्यापारी वरचा कापूस सोडून ढिगात कोपरापर्यंत हात घाली आणि आतला मूठभर कापूस बाहेर काढी. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या बोटांत धरून हलकेच ओढी, धागा किती लांब निघतो ते पाही, मुठीत दाबून ओल अजमावी, कवडी किती आहे ते बघे आणि मग भाव बोले. शेतकऱ्यालाही ते सारे ठाऊक असे, त्यामुळे भाव पटला नाही तर तो का पटला नाही, हे त्यालाही सांगता येई. पिकाला आणेवारी, जमिनीला प्रत, बैलाला दात. आमच्या खानदेशात प्रत्येक गोष्टीला काही ना काही माप आहेच.

एका गोष्टीला मात्र आम्ही कधी माप लावले नाही. आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक रुमाल होता. रुमाल म्हणजे जुने कागद बांधून ठेवायचे कापड. आत मोडीत लिहिलेले लांबट कागद होते. घर सोडताना सामानाची वाटणी झाली, पितळेची घंगाळी कुणी घ्यायची यावर तासभर चर्चा झाली आणि तो रुमाल रद्दीवाल्याच्या तागडीत गेला. घरात मोडी वाचता येणारे कुणी उरले नव्हते, म्हणून ते कागद निरुपयोगी ठरले. मीही त्या वेळी काही बोललो नाही. पुढे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे खंड हाती आले, तेव्हा आपण काय विकले असेल या विचाराने मी अस्वस्थ झालो. ती अस्वस्थता अजून गेलेली नाही. त्यात भर म्हणजे हा माणूस अखेर आमच्याच गावात येऊन राहिला आणि इथेच गेला.

वाईचे दप्तर

राजवाड्यांचा जन्म १८६३ सालचा, कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या वरसई गावचा. वेद आणि निरुक्ताचे पंडित म्हणून ओळखले जाणारे वैजनाथ राजवाडे हे त्यांचे थोरले बंधू. विश्वनाथरावांचे शिक्षण मात्र रखडत झाले. परीक्षेची पुस्तके बाजूला ठेवून आवडेल ते वाचायचे, हा त्यांचा खाक्या. त्यामुळे डेक्कन कॉलेजातून बी. ए. व्हायला १८९१ साल उजाडले. पुढे त्यांनी आपल्या शाळा-कॉलेजांतल्या अनुभवांवर सविस्तर लिहिले आणि ज्या शिक्षणाने आपल्याला जोखले, त्यालाच तागडीत घालून जोखले. माप लावण्याची ही सवय अशी आधीपासूनची होती.

पत्नी तरुणपणीच वारली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही, नोकरीतही फार काळ रमले नाहीत. ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले, त्यासाठी प्लेटोचा ‘रिपब्लिक’ मराठीत आणला. जे लिहायचे ते मराठीतच, असा त्यांचा हट्ट होता आणि तो त्यांनी जन्मभर पाळला. इंग्रजीत लिहिले असते तर नाव आणि पैसा दोन्ही मिळाले असते. त्यांना तो सौदा नको होता.

अशा या माणसाला वाईच्या एका जुन्या वाड्यात पेशवाईतल्या पत्रांचे घबाड सापडले. पानिपताच्या आगेमागे लिहिलेली ती पत्रे होती. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला आणि वाढत वाढत त्याचे बावीस खंड झाले. त्यासाठी राजवाडे गावोगाव हिंडले. वाडे, मठ, देवस्थाने, कुलकर्ण्यांची घरे त्यांनी पालथी घातली. काही ठिकाणी आदराने दप्तर पुढे आले, काही ठिकाणी वतनाचा दावा उभा राहील या भीतीने दार लावून घेतले गेले. कागद कुठे वाळवीने खाल्लेले, कुठे पावसाने एकमेकांना चिकटलेले. राजवाड्यांनी ते सोडवले, वाचले, उतरून काढले.

साल नसलेले पत्र

कागद गोळा करणारे आधीही होते आणि नंतरही झाले. राजवाड्यांचे वेगळेपण हे की, सापडलेल्या कागदाची किंमत कशी ठरवायची याची पद्धत त्यांनी बसवली आणि ती आपल्या लांबलचक प्रस्तावनांतून उघड मांडली.

त्यातली एकच अडचण सांगतो, म्हणजे कामाचा अंदाज येईल. पेशवाईतल्या खासगी पत्रावर बहुधा साल नसते. असतो तो चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. ‘छ’ हे अक्षर, पुढे आकडा आणि मग महिना, की झाले. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच असे, मग ते कशाला लिहायचे? पण दीडशे वर्षांनी ते पत्र हाती आले, तर ते १७५१ चे की १७६१ चे, हे ठरवायचे कसे? दहा वर्षांच्या चुकीने मेलेला माणूस जिवंत होतो आणि हरलेली लढाई व्हायची राहते.

इथे पारख सुरू होते. मुसलमानी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. त्यामुळे त्याचा प्रत्येक महिना दर वर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकतो. पत्रात पाऊस लागल्याचा, नदीला पूर असल्याचा किंवा पीक कापणीला आल्याचा उल्लेख असेल, तर तो महिना त्या ऋतूत कोणत्या वर्षांत पडत होता ते काढता येते. तेहतीस वर्षांच्या फेऱ्यात अशी वर्षे थोडीच निघतात. पत्रातली माणसे, मुक्कामाची गावे, वार, तिथी यांच्याशी ताळा घालत गेले की बहुतेक वेळा एकच साल उरते.

सरकारी कागदावर साल असले तरी ते अरबी अंकशब्दांत असे. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. शुहूर सन ११६१. हे साल आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीच्या मृगाला सुरू होते. त्यामुळे डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्याला ६०० मिळवायचे, की इसवी सन येतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणजे याच ११६१ सालातली.

तारीख लागली की पुढचे प्रश्न. कागद अस्सल की नक्कल? लिहिणारा प्रसंगी हजर होता की ऐकीव सांगतो? लिहिण्यात त्याचा स्वार्थ काय? वतनाच्या भांडणासाठी खोटे कागद रचले जात, म्हणून शिक्का, हस्ताक्षर, कागद, भाषा सारे तपासायचे. या मापाने त्या त्या वेळी लिहिलेले अस्सल पत्र सर्वांत वर गेले आणि मागाहून रचलेल्या बखरी खाली आल्या. ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासाला तोवर मोठा मान होता. त्यातल्या उणिवा राजवाड्यांनी कागद पुढे ठेवून दाखवल्या.

मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. बखर खालच्या प्रतीची ठरली म्हणून राजवाड्यांनी ती फेकून दिली नाही. ‘महिकावतीची बखर’ त्यांनीच १९२४ साली संपादून छापली आणि तिच्यातून उत्तर कोकणातल्या वसाहतीचा इतिहास शोधला. लढाईच्या तारखेला बखर कच्ची असेल, पण लोक कसे राहत, काय मानत, कुणाला आपले म्हणत, हे विचारायला तीच पक्की. कागदाची प्रत तुम्ही त्याला काय विचारता त्यावरही ठरते. प्रत लावणे आणि टाकून देणे ही दोन वेगळी कामे आहेत. आमच्या घरी ती एकच झाली होती.

शब्दांची मोजणी

हेच माप घेऊन राजवाडे भाषेकडे वळले. शिवकाळातले कागद छापताना त्यांनी एक साधी गोष्ट केली. निरनिराळ्या काळातले कागद घेतले आणि त्यांत मराठी शब्द किती, फारसी किती, हे चक्क मोजले. १६२८ च्या कागदात मराठी शब्द शेकडा पंधराच्याही आत निघाले. १६७७ च्या कागदात ते शेकडा साठाच्या वर गेले आणि १७२८ च्या कागदात नव्वदाच्या वर. स्वराज्य आले म्हणजे काय झाले, याचे उत्तर त्यांनी दिवाणातल्या कागदावरचे शब्द मोजून दिले.

आज कुणी म्हणेल की, इतक्या थोड्या कागदांवरून एवढा निष्कर्ष कसा काढावा? एक दरबारी असेल, दुसरा घरगुती असेल. शंका रास्त आहे. पण ही शंका घेता येते याचे कारण राजवाड्यांनी आकडे दिले आणि कागदही दिले. नुसते मत दिले असते, तर ते मानणे किंवा न मानणे एवढेच आपल्या हाती राहिले असते.

गावांची नावे, आडनावे, क्रियापदांचे धातू, ज्ञानेश्वरीचे व्याकरण, लग्नाच्या चालीरीती, सगळीकडे त्यांची हीच वहिवाट. आधी जमवायचे, मग लावायचे, मग बोलायचे. विवाहसंस्थेच्या इतिहासात तर प्राचीन ग्रंथांच्या आधारे त्यांनी असे निष्कर्ष काढले की, त्यांना आपले मानणारी सनातनी मंडळीच बिथरली.

तराजू कलतो तेव्हा

पण राजवाड्यांचा तराजू नेहमी सरळ राहिला, असे म्हटले तर ते त्यांच्याच शिकवणीला धरून होणार नाही. स्वभाव कमालीचा तापट, मत दिले की टोकाचे. व्युत्पत्ती सांगताना ते कधीकधी एवढी लांब उडी मारत की मागच्याला पाऊल ठेवायला जागा सापडू नये. पानिपतच्या पराभवाचे खापर त्यांनी गोविंदपंत बुंदेले आणि मल्हारराव होळकर यांच्यावर फोडले. पुढे त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारख्या अभ्यासकांनी पानिपताचा सारा प्रश्न पुन्हा तपासायला घेतला.

जातीचा विषय आला की तर त्यांचे माप उघडच कले. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी जे लिहिले, त्याने एक सबंध समाज दुखावला. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ साली ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून त्याला सणसणीत उत्तर दिले. दुसऱ्याच्या कागदात स्वार्थ शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या लेखणीतला अभिमान दिसला नाही. हा दोष लहान नाही आणि आदरापोटी तो झाकायचेही कारण नाही.

तरीही राजवाडे उरतात, कारण माल जागेवर आहे. ज्या पत्रांवरून त्यांनी निकाल दिला, ती छापलेली आहेत. त्यांचा निकाल ज्याला फिरवायचा आहे, तो बहुधा त्यांच्याच खंडांतली पाने उघडतो. आपल्याला चूक ठरवण्याचे साधन त्यांनी स्वतःच लोकांच्या हाती ठेवले. असे किती पारखी करतात?

धुळ्याचा मुक्काम

७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साथीने राजवाड्यांनी ते उभे केले. पण स्वतः उभारलेल्या संस्थेतही ते टिकले नाहीत. मतभेद झाले आणि ते बाहेर पडले. त्यांचा अखेरचा मुक्काम धुळ्यात झाला.

धुळेच का, याचे एक उत्तर म्हणजे शंकर श्रीकृष्ण देव. समर्थ रामदासांचे आणि त्यांच्या संप्रदायाचे वाङ्मय मठोमठ हिंडून जमवणाऱ्या नानासाहेब देवांनी धुळ्यात १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली होती. जुन्या कागदाची किंमत कळणारी माणसे गावात होती. कॅप्टन ब्रिग्जच्या काळात आखलेल्या, आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्यांचे हे गाव. नियमाने आखलेल्या या गावात कुठल्याच नियमात न बसणारा हा ब्राह्मण आपल्या कागदांच्या ट्रंकांसह येऊन राहिला. साठी उलटली होती, तरी शब्दांची आणि धातूंची टिपणे चालूच होती. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते इथेच वारले. मागे घर नाही, मूल नाही, शिल्लक नाही. होते ते कागद.

इथे आमच्या गावाने योग्य भाव केला. आठ-पंधरा दिवसांतच, १९२७ च्या जानेवारीत, देव, भास्कर वामन भट आणि इतर मंडळींनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. ट्रंकांतले कागद रद्दीत गेले नाहीत. टिपणांतून धातुकोश आणि व्युत्पत्तिकोश छापून निघाले, ‘संशोधक’ त्रैमासिक सुरू झाले. मंडळ आजही धुळ्यात आहे आणि मोडी कागद, पोथ्या, जुन्या वस्तू तिथे जपलेल्या आहेत.

तिथल्या कपाटांपुढे उभा राहिलो की मला आमचा रुमाल आठवतो. त्यात फार काही नसेलही. एखादी सावकारी, एखादे शेताचे भांडण, लग्नात किती पायली गहू लागला त्याची याद. राजवाड्यांच्या लेखी तीही टाकाऊ नव्हती. ज्या वर्षाचा गव्हाचा भाव कुणालाच ठाऊक नाही, त्या वर्षासाठी ती याद लाखमोलाची असते.

तुमच्या माळ्यावर, देवघराच्या फडताळात, आजीच्या पेटीच्या तळाशी असा एखादा रुमाल असेल तर एवढेच करा. वाचता येत नाही म्हणून त्याला भाव लावू नका. मोडी जाणणाऱ्याला आधी दाखवा आणि तोवर ओलीपासून, वाळवीपासून सांभाळा. कापूस विकतानाही आपण आतला हातात घेऊन पाहिल्याशिवाय भाव ठरवू देत नाही. आजोबांच्या हातच्या कागदाला निदान तेवढा न्याय मिळायला हरकत नाही.