डॉ. शिरोडकरांचा टाका

एखाद्या नियमाला किंवा यंत्राला शास्त्रज्ञाचे नाव दिलेले आपण ऐकतो. एका भारतीय डॉक्टरांचे नाव मात्र एका टाक्याला दिले आहे. तो म्हणजे ‘शिरोडकर टाका’. या टाक्यामुळे असंख्य मातांच्या कुशीत बाळ आले.

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ साली गोव्यातील शिरोडा या गावी झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. विठ्ठलचे शिक्षण हुबळी येथे झाले. पुढे ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. १९२३ साली ते डॉक्टर झाले आणि १९२७ साली त्यांनी स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एम.डी. ही पदवी मिळवली. नंतर ते इंग्लंडला गेले. तेथे १९३१ साली एफ.आर.सी.एस. होऊन ते मायदेशी परतले. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात ते काम करू लागले. ज्या महाविद्यालयात ते शिकले, तेथेच ते प्राध्यापकही झाले.

रुग्णालयात त्यांच्याकडे अनेक दुःखी स्त्रिया येत. कोणाचे बाळ चौथ्या महिन्यात जाई, तर कोणाचे सहाव्या. असे एकदा नाही, पुन्हा पुन्हा घडे. लोक नशिबाला दोष देत. कित्येकदा त्या स्त्रीलाच बोल लावत. डॉक्टर विश्रांती घ्यायला सांगत, औषधे देत. पण काही स्त्रियांना त्याचा उपयोग होत नसे.

डॉ. शिरोडकरांनी अशा स्त्रियांची बारकाईने तपासणी केली. त्या काळी सोनोग्राफीची सोय नव्हती. हाताचा स्पर्श आणि अनुभव यांवरच सारी भिस्त होती. त्यांच्या लक्षात आले, की यांतील काही स्त्रियांचे बाळ पोटात चांगले वाढत असते. दोष असतो तो गर्भाशयाच्या तोंडाशी. ते कमकुवत असल्याने बाळाचे वजन वाढले की वेळेआधीच उघडते. बटव्याची नाडी सैल झाली, की आतील वस्तू बाहेर पडते, तसेच हे होते.

मग नाडी आवळली तर? डॉ. शिरोडकरांनी तेच केले. त्या स्त्रीच्याच मांडीतून चिवट आवरणाची एक पट्टी त्यांनी काढली. ती गर्भाशयाच्या तोंडाभोवती गुंफून टाका घातला. गर्भवती स्त्रीवर अशी शस्त्रक्रिया करणे सोपे नव्हते. थोडी चूक झाली असती, तरी बाळ गमावण्याची भीती होती. पण त्यांचा हात अतिशय कुशल होता. टाक्याच्या आधाराने बाळ पूर्ण दिवस पोटात राहू लागले.

१९५५ साली त्यांनी या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. १९५७ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. मॅकडोनाल्ड यांनी याच कामासाठी आणखी सोपा टाका सुचवला. पुढे मांडीतील पट्टीऐवजी मजबूत कृत्रिम फीत वापरली जाऊ लागली. प्रत्येक गर्भपाताचे कारण हेच नसते. म्हणून नीट तपासणी करूनच हा टाका घालतात. साधारणपणे नववा महिना लागल्यावर तो काढतात. आज ठाण्यातील प्रसूतिगृह असो की लंडनमधील मोठे रुग्णालय, ‘शिरोडकर टाका’ म्हटले की डॉक्टरांना लगेच कळते.

मूल होत नसलेल्या स्त्रियांच्या बंद गर्भनलिका उघडण्याच्या शस्त्रक्रियाही ते करत. भारत सरकारने १९६० साली त्यांना ‘पद्मभूषण’ आणि १९७१ साली ‘पद्मविभूषण’ देऊन गौरवले. १९७१ सालीच त्यांचे निधन झाले.

लोक ज्याला नशीब म्हणत होते, त्याचे कारण त्यांनी शोधले. स्त्रीच्या माथी मारलेला दोष त्यांनी एका टाक्याने पुसून टाकला.

स्वाध्याय
१. काही स्त्रियांचे बाळ वेळेआधीच का जात असे?
२. लेखकाने बटव्याचे उदाहरण कशासाठी दिले आहे?
३. डॉ. शिरोडकरांच्या कार्याविषयी पाच वाक्ये लिहा.