नांगर, नाव आणि विश्वास : लक्ष्मणराव किर्लोस्कर

यंदाच्या स्मरणिकेसाठी विषय ठरवताना कार्यकारिणीत बरीच चर्चा झाली. आपल्या बिदर-कलबुर्गी भागातली अनेक मराठी घरे शेतीबरोबर दुकानदारीही करतात. कोणाकडे खताची एजन्सी, कोणाकडे पंपाची डीलरशिप, आणि आता पुढची पिढी फ्रँचायझी घेऊ पाहते. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजारांतून फिरले की मोठ्या कंपन्यांच्या पाट्या जागोजागी दिसतात. दुसऱ्याच्या नावावर धंदा करायचा म्हणजे काय करायचे, हा प्रश्न आपल्या मुलांपुढे रोजचा आहे. म्हणून आम्ही लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र थोडक्यात सांगायचे ठरवले. एजंट म्हणून सुरुवात करून आपल्या नावाला एजंट मिळवणारा हा माणूस आपल्यासारखाच सीमाभागातला होता.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदांताचे अभ्यासक, घरातले वातावरण विद्येचे. लक्ष्मणरावांचे लक्ष मात्र चित्रांत आणि यंत्रांत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकायला गेले. तिथे त्यांना रंग नीट ओळखू येत नाहीत असे आढळले आणि चित्रकार होण्याचे स्वप्न संपले. ते हताश झाले नाहीत. यांत्रिक रेखाटनाला रंग लागत नाहीत. ते शिकून मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले.

१८८८ साली बंधू रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलींचे दुकान निघाले. पाटी होती किर्लोस्कर ब्रदर्स. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी बेळगावात विकायच्या, शिवाय गिऱ्हाइकाला सायकल चालवायलाही शिकवायचे. नुसता माल काउंटरवर ठेवून भागत नाही, हा धडा त्यांनी इथेच घेतला. घेणाऱ्याला वस्तू वापरता आली, तरच ती खरी विकली गेली. पुढे नोकरीत बढती आपल्याऐवजी दुसऱ्याला मिळाली, तेव्हा १८९७ मध्ये राजीनामा देऊन लक्ष्मणराव कायमचे बेळगावला आले. आज त्या शहरात किर्लोस्कर रोड आहे.

दुसऱ्याच्या कारखान्यातला माल विकताना दुकानदाराच्या हाती फार थोडे असते. भाव दुसऱ्याचा, घडण दुसऱ्याची, आणि तक्रार मात्र आपल्या दारात. लक्ष्मणरावांना आपल्या शेतकऱ्याच्या उपयोगाची वस्तू स्वतः करायची होती. आधी कडबा कापायचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर. काळ्या रानातली हरळी आणि कुंदा मुळासकट काढायला लाकडी नांगराची खोली पुरत नाही, हे आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. पण तेव्हा शेतकऱ्यांची समजूत अशी की लोखंडाने जमिनीला विष चढते. नांगर तयार होऊन पडून राहिले. ही समजूत घालवायला वेळ लागला आणि ती शब्दांनी गेली नाही. रानात नांगर चालवून दाखवावा लागला, झिजलेला फाळ बदलून मिळेल हा भरवसा द्यावा लागला.

धंदा जरा रुळतो तोच संकट आले. बेळगावच्या वाढत्या वस्तीसाठी नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. जागा सोडण्याची पाळी आली. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात यायला सांगितले. कुंडल रोड स्टेशनजवळची जागा आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये लक्ष्मणराव मोजक्या माणसांसह तिथे उतरले, तेव्हा समोर निवडुंगाने आणि सापांनी भरलेले माळरान होते. त्याचीच पुढे किर्लोस्करवाडी झाली. रामूअण्णा गावाची आखणी पाहात, शंभोराव जांभेकर यंत्रे सांभाळत, मंगेशराव रेगे हिशेब ठेवत. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी काम दिले, राखणीवरही नेमले. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम केला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या.

इथे आपल्या विषयाचे मर्म आहे. त्या काळी धंदेवाल्याला एक सरकार नव्हते. बेळगाव मुंबई इलाख्यात, किर्लोस्करवाडी औंध संस्थानात. सोलापूरहून रेल्वेने गुलबर्ग्याकडे निघालेला माल निजामाच्या हद्दीत शिरला की करोडगिरी खात्याची जकात लागे. एका राज्यात दार बंद झाले तर दुसऱ्या राज्यात उघडे, हे लक्ष्मणरावांनी अनुभवले होते. पुढे १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्करची स्थापना झाली. राज्ये बदलली, नियम बदलले, नांगरावरचे नाव तेच राहिले.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी निघालेले किर्लोस्कर खबर हे मासिक सुरुवातीला कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठी होते. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती ते महाराष्ट्राचे मासिक झाले आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत वाचले गेले.

आज निजाम नाही, करोडगिरी नाही, पण राज्याची हद्द आहेच. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९७० मध्ये फ्रँचायझी विकण्याआधी राज्याकडे नोंदणी आणि सगळी माहिती उघड करणे बंधनकारक केले. पाठोपाठ आणखी काही राज्यांनी तसे कायदे केले. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा यांच्यावर काम चालते. दुकानाची नोंदणी मात्र राज्याची. बिदरच्या दुकानाला कर्नाटकाचा १९६१ चा कायदा, तर पलीकडे उदगीरच्या दुकानाला महाराष्ट्राचा २०१७ चा. खत किंवा बियाणे विकायचे तर कृषी खात्याचा परवाना वेगळा.

म्हणजे आपल्या मुलाने घरची जमीन गहाण टाकून फ्रँचायझी घेतली, तर कंपनीने काय सांगितले आणि काय लपवले हे आधी तपासणारे सरकारी दप्तर इथे नाही. जे आहे ते करारपत्रात. भाग किती गावांचा, शेजारी दुसरे दुकान निघेल का, उरलेला माल परत घेणार का, करार मोडला तर अनामत मिळेल का, हे सही करण्याआधी विचारलेच पाहिजे. करार इंग्रजीत असेल तर जाणत्या वकिलाकडून समजून घ्यावा. यात संकोच कसला?

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. पुढे पाच आठवड्यांतच भाषावार राज्ये झाली, आणि त्यांचे बेळगाव व आपले बिदर-गुलबर्गा एकाच म्हैसूर राज्यात आले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

गणपतीला आपण विघ्नहर्ता म्हणतो, तसा व्यापारी त्याला शुभ-लाभाचा धनी मानून वहीच्या पहिल्या पानावर त्याचे नाव लिहितो. लाभाच्या आधी शुभ येते. लक्ष्मणरावांनी तो क्रम आयुष्यभर पाळला. दुकानावर पाटी कोणाचीही असो, गिऱ्हाईक शेवटी आपल्या तोंडाकडे पाहूनच येते, एवढे आपल्या तरुणांनी त्यांच्याकडून घ्यावे. मंडळाच्या वतीने त्यांच्या स्मृतीला आमचे वंदन. गणपती बाप्पा मोरया!