कमलाबाई निंबकर : कष्टकरी हातांच्या कैवारी

डिचोलीचा कुंभार चाकावर माती घडवितो, पेडण्याचा शेतकरी चिखलात दिवसभर वाकून तरवा लावतो. दोघांचीही खरी शिदोरी म्हणजे त्यांचे हात. हे हातच अपघाताने अथवा आजाराने दुबळे झाले तर? जखम भरली की उपचार संपला, असे पूर्वी मानले जाई. परंतु तो मनुष्य पुन्हा कामावर उभा राहील काय, हा प्रश्न उरतच असे. त्याचे उत्तर शोधणारे शास्त्र आपल्या देशात ज्यांनी रुजविले, त्या श्रीमती कमलाबाई निंबकर होत.

त्यांचा जन्म १९०० साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका क्वेकर कुटुंबात झाला. माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. १९३० साली त्या भारतात आल्या, श्री. विष्णु निंबकर यांच्याशी विवाहबद्ध झाल्या आणि कमला हे नाव घेऊन येथल्याच होऊन राहिल्या.

चाळिशी उलटल्यावर माणसे सहसा पुस्तक मिटून ठेवतात. कमलाबाई मात्र त्या वयात अमेरिकेला जाऊन पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आणि व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन परतल्या. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी या विषयाचे भारतातील पहिले विद्यालय सुरू केले. १९५२ साली भारतीय व्यवसायोपचारकांची संघटना उभी राहिली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताचे नाव झळकले.

या शास्त्रात आधी मोजमाप, मग उपचार. फळीवरील बारीक छिद्रांत रोग्याने एकेक खुंटी बसवावयाची व काढावयाची. उपचारक घड्याळ लावून वेळ मोजतो. त्यावरून बोटांचे कसब कळते. मुठीचा जोर यंत्राने मोजतात. वजन उचलताना, उभ्याने काम करताना दम केव्हा लागतो, हात केव्हा थरथरतो, हे पाहून शरीराचा टिकाव ठरवितात. मोजमाप चुकले तर हानी दुहेरी असते : घाईने कामावर गेलेला हात पुन्हा जायबंदी होतो, आणि जो काम करू शकला असता तो उगाच परावलंबी ठरून घरी बसतो. म्हणून सुतारकाम, विणकाम, मातीकाम अशा कामांतून, सोप्याकडून अवघडाकडे, हात हळूहळू तयार करीत नेतात. येथे काम हेच औषध.

१९७९ साली कमलाबाई निवर्तल्या. दूरदेशी जन्मलेल्या या स्त्रीने आपले उत्तरायुष्य येथील अपंगांसाठी वेचले. त्यांनी पेरलेले रोप आता वाढले असून देशात अनेक ठिकाणी हे शिक्षण मिळते.

विद्यार्थी मित्रहो, एखाद्याचा हात अधू झालेला दिसला म्हणजे आपण हळहळतो व पुढे जातो. त्या हातात अजून कोणते बळ शिल्लक आहे, हे शोधण्यासाठी थांबणे अधिक कठीण. कमलाबाई त्यासाठी आयुष्यभर थांबल्या. त्यांचे स्मरण करताना आपणही क्षणभर थांबावयास शिकूया.