संत फ्रान्सिस झेवियर आणि माणसांचे स्वभाव



तापट, उत्साही, विचारी आणि शांत असे माणसांचे चार स्वभाव प्राचीन ग्रीक वैद्यांच्या काळापासून सांगितले जातात. कोणताही माणूस एकाच खणात पुरता बसत नाही. तरीही कोणावर कोणते काम सोपवावे हे ठरवताना स्वभाव पाहावाच लागतो. हा धडा संत फ्रान्सिस झेवियर यांनाही अनुभवातूनच शिकावा लागला.

त्यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी आजच्या स्पेनमधील नवार प्रांतात, एका सरदार घराण्यात झाला. ते पॅरिसला शिकायला गेले. तिथे त्यांच्या खोलीत पीटर फेबर राहत. फेबर लहानपणी मेंढरे राखत, स्वभावाने अगदी सौम्य. झेवियर मात्र महत्त्वाकांक्षी आणि मानी. पुढे इग्नेशियस लोयोला त्याच खोलीत आले. फेबर लवकर त्यांच्याकडे वळले, झेवियर मात्र वळेनात. इग्नेशियस यांनी घाई केली नाही, धीर धरला. १५ ऑगस्ट १५३४ रोजी सात मित्रांनी एकत्र व्रत घेतले. त्यातूनच पुढे येशूसंघ उभा राहिला.

६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यात उतरले. तिथल्या संत पौल विद्यालयात स्थानिक मुले शिकत होती. १५४८ साली पोर्तुगालहून अंतोनियो गोमेश हे विद्यालयाचे प्रमुख म्हणून आले. ते प्रभावी प्रवचनकार, पण स्वभावाने कठोर. हे झेवियर यांच्या ध्यानात आले होते, तरी त्यांनी गोमेश यांना पदावर ठेवले. इतर बंधूंची जबाबदारी त्यांनी पावलो दा कामेरिनो या शांत धर्मगुरूंकडे दिली आणि १५४९ साली ते जपानला निघाले. पण अधिकार असा वाटून देऊन काही साधले नाही. गोमेश यांनी स्थानिक मुलांना विद्यालयातून काढून टाकले.

१५५२ साली परत आल्यावर झेवियर यांनी चूक सुधारली. गोमेश यांना दूर केले आणि स्थानिक मुलांसाठी दार पुन्हा उघडले. होर्मुझमध्ये कसोटीला उतरलेल्या गास्पर बार्झे यांच्या हाती त्यांनी कारभार दिला. नम्रतेने वागून सोबत्यांचे प्रेम मिळवावे, अशा सूचनाही त्यांना दिल्या. त्याच वर्षी ३ डिसेंबर रोजी चीनच्या दाराशी, सांचियान बेटावर झेवियर यांचे निधन झाले. १६२२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले.

आपल्या सुरगाण्यात भाताची आवणी कशी होते ते आठवा. कोणी चिखल करतो, कोणी रोपे उपटतो, कोणी लावतो. एकट्याने सगळे होत नाही. आपल्या मंडळांतही तसेच आहे. छान बोलतो म्हणून कोणाला पुढारी करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारू या : ह्याच्या हाताखाली आपली लहान, दुबळी माणसे टिकतील का? आणि मागे गप्प बसणाऱ्यालाही त्याला झेपेल, शोभेल असे काम देऊ या.

प्रभू आपणा सर्वांना एकमेकांचे स्वभाव ओळखण्याची आणि सांभाळण्याची कृपा देवो.

आपले धर्मगुरू