एका हाताचा कारागीर

एस्टोनिया देशाच्या किनाऱ्याजवळ नायसार नावाचे एक लहान बेट आहे. तेथे ३० मार्च १८७९ रोजी बर्नहार्ड श्मिट यांचा जन्म झाला. तेव्हा त्या भागावर रशियाच्या झारचे राज्य होते.

बर्नहार्डला लहानपणापासून नवे प्रयोग करण्याचा नाद होता. पंधरा वर्षांचा असताना त्याने लोखंडी नळीत दारू ठासून स्फोट घडवला. या खेळात त्याला उजवा हात गमवावा लागला. पण त्याचा नाद काही सुटला नाही.

पुढे शिक्षणासाठी तो स्वीडनला आणि मग जर्मनीतील मिटवाइडा या गावी गेला. तेथे तो दुर्बिणीचे आरसे घासू लागला. काच घासणे हे दोन्ही हातांचे काम. श्मिट ते एका हाताने करीत. त्यांचे आरसे इतके अचूक असत की मोठमोठ्या वेधशाळा ते विकत घेत. पुढे ते हॅम्बुर्गजवळच्या बर्गेडॉर्फ वेधशाळेत काम करू लागले.

त्या काळी खगोलशास्त्रज्ञांना एक अडचण सतावत होती. दुर्बिणीचा आरसा बहुधा पॅराबोला या आकाराचा असतो. त्यात मधला तारा ठिपक्यासारखा स्पष्ट दिसतो. कडेच्या ताऱ्यांना मात्र धूमकेतूसारखी शेपटी फुटते. या दोषाला ‘कोमा’ म्हणतात. आरसा जितका खोलगट, तितकी शेपटी मोठी. आजही मोठी दुर्बीण बाळगणारे हौशी लोक हा दोष घालवण्यासाठी डोळ्याजवळच्या भिंगाआधी आणखी काही भिंगे बसवतात.

श्मिट यांनी वेगळाच विचार केला. त्यांनी पॅराबोला सोडून दिला आणि चेंडूच्या तुकड्यासारखा साधा गोलाकार आरसा घेतला. त्याच्या वक्रतेच्या केंद्रापाशी प्रकाश आत येण्याचे तोंड ठेवले, की कोमा उरतच नाही. पण गोल आरशाचा स्वतःचा एक दोष असतो : कडेचे किरण आणि मधले किरण एका जागी मिळत नाहीत. म्हणून त्या तोंडावर किंचित वळणाची एक पातळ काच बसवायची.

१९२९ मध्ये सूर्यग्रहण पाहण्यासाठी ते वॉल्टर बाडे यांच्याबरोबर फिलिपाइन्सला गेले होते. परतताना जहाजावर त्यांनी ही कल्पना बाडे यांना सांगितली.

आता प्रश्न होता तशी काच घडवण्याचा. त्यांची युक्ती मोठी गमतीची आहे. एका भांड्याच्या तोंडावर त्यांनी सपाट काच बसवली आणि आतली थोडी हवा काढून घेतली. काच आत वाकली. तशीच ती वरून घासली. हवा पुन्हा आत सोडताच काच सरळ झाली आणि हवे ते वळण आपोआप उमटले! १९३० मध्ये पहिला कॅमेरा तयार झाला. त्याचा आरसा ४४ सेंटिमीटरचा व काच ३६ सेंटिमीटरची होती. आता आकाशाच्या मोठ्या भागाचा फोटो थोड्या वेळात निघू लागला आणि कडेचे तारेही ठिपकेच राहिले.

१ डिसेंबर १९३५ रोजी श्मिट हॅम्बुर्गमध्ये वारले. बाडे त्याआधीच अमेरिकेला गेले होते व त्यांनी ही कल्पना तेथे नेली होती. १९४८ मध्ये पालोमार पर्वतावर ४८ इंची श्मिट दुर्बीण उभी राहिली. दुसऱ्याच वर्षी तिने आकाशाचे फोटो काढण्याचे प्रचंड काम हाती घेतले.